ठमीने ऐकलेला आवाज

मुलीला जन्माचा दाखला हवा होता, म्हणून त्या दुपारी मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. निमित्त एवढंच, बघा. दाखला तळाशी होता, आणि त्याच्यावर, बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळलेली, आमची गाण्यांची रेकॉर्ड.

लग्नाआधी दोघांनी मिळून घेतलेली. बायको गेली तेव्हा ठमी, म्हणजे आमची लेक, जेमतेम सात महिन्यांची होती. त्यानंतर मीच ती रेकॉर्ड डोळ्यांआड केली. ठमीने मात्र लहानपणापासून एकच प्रश्न विचारून माझा जीव खाल्ला, "बाबा, आईचा आवाज कसा होता?" मी म्हणायचो, "गोड." धादांत खोटं! बायकोला सुरांचं वावडं होतं. आणि खरं सांगू? तो आवाज मलाही आठवेनासा झाला होता. पोरीला हे सांगायची छाती होत नव्हती.

हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली; जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा सैल पट्टा बसवायला कितीसा वेळ? खिडक्या लावल्या, सुई टेकवली. खरखर... मग पहिलं गाणं. खोलीत नुकत्याच धुतलेल्या केसांचा वास आला. साडीचा असेल, म्हटलं. डोळे भरून आले. मी ठमीला फोन लावला, "ऐक, तुझ्या आईचं आवडतं गाणं," म्हणालो आणि फोन स्पीकरपाशी धरला.

थोड्या वेळाने फोन कानाला लावला, तर ती हळूच म्हणाली, "बाबा... तिथे कोण गातंय?"

"रेकॉर्ड आहे गं. मी एकटाच आहे."

"नाही, आणखी एक बाई आहे. अगदी बेसूर... आणि पुढची ओळ गायिकेच्या आधीच म्हणतेय."

बायकोची तीच खोड. तिला धीर म्हणून नव्हताच. मी कानात प्राण आणून ऐकलं. गायिका, खरखर, रस्त्यावरून गेलेली एक सायकल. बाकी काही नाही.

"कशी गातेय? सांग ना गं मला..." मी अक्षरशः गयावया केली. पलीकडे ठमी रडत होती.

गाणं संपलं. मी सुई उचलली, बटण बंद केलं, तबकडी पुरती थांबेपर्यंत पाहत राहिलो. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"ठमे?"

"शू... बाबा, बोलू नका," ती कुजबुजली. "आता जास्त जवळून गातेय."