संडरलंडमध्ये कोणीच नाही

आधी ड्रम बसमध्ये चढला, मग त्याच्यामागून तो. दोघंही पावसात चिंब... मी तेव्हा इंग्लंडमधल्या संडरलंडच्या बसवर कंडक्टर होते. एकोणीस वर्षांची, आणि टोपीचा तोरा भलताच.

“याला उभं राहायची परवानगी नाही,” मी ड्रमकडे बोट दाखवलं.

“मग त्याला बसू दे. मी उभा राहतो – तुझ्याजवळ.”

“युनिफॉर्ममध्ये आहे मी. अहो-जाहो करायचं.”

“बरं, अहो कंडक्टरबाई... शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. याल?”

गेले. गोदीतल्या कॅन्टीनमध्ये चौघं पोरं वाजवत होती, आणि ड्रमवरचा क्लाइव्ह माझ्याकडे बघता बघता ताल चुकत होता. पुढचे सगळे रविवार आम्ही समुद्रावर घालवले. चिप्सवरचं व्हिनेगर माझ्या बोटांना लागायचं आणि तो म्हणायचा, “हेझल, हात पुसू नकोस हं...” वसंतात, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात, त्यानं मला अंगठी घातली.

त्याच महिन्यात त्यांचं पहिलं गाणं देशात रेकॉर्ड-विक्रीच्या यादीत चौथं आलं. लंडनहून मॅनेजर पास्को आला. “ड्रमरचं लग्न ठरलंय कळलं, तर पोरी दुसऱ्या बँडकडे वळतील,” तो म्हणाला. “साखरपुड्याचं कुठं बोलू नका. फक्त नाताळपर्यंत.”

कुठल्या नाताळपर्यंत, ते विचारायचं राहूनच गेलं.

दुसरं गाणं पहिलं आलं. मग जर्मनी, जपान, अमेरिका. लांबलचक पत्रांची पोस्टकार्डं झाली. दोन नाताळ गेले. अंगठी मी साखळीत घालून ब्लाउजच्या आत वागवत होते.

जूनमध्ये ते गावी आले. सकाळी त्याचा फोन. “दुपारी हॉटेलवर ये. पत्रकारांनी विचारलं ना, की आज सांगून टाकतो.”

मी पिवळा फ्रॉक घातला. अंगठी बोटात घातली – उघड, पहिल्यांदाच.

एका पत्रकारानं विचारलंच. “क्लाइव्ह, इथं संडरलंडमध्ये कोणी आहे का?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. मग हसला.

“संडरलंडमध्ये? छे, कोणीच नाही. अजून शोधतोय!”

सगळे हसले.

नंतर त्यानं मला हॉटेलच्या मागच्या पॅसेजमध्ये गाठलं. “अगं, पुन्हा अमेरिकेचा दौरा ठरलाय. पास्कोनं ऐन वेळी सांगितलं. अजून सहाच महिने...”

“खोटं बोललास, ते मी समजून घेतलं असतं,” मी म्हणाले. “पण किती सहज बोललास रे.”

मी अंगठी काढून पुढे धरली.

त्यानं ती घेतली. मला वाटलं होतं... घेणार नाही.

आतून पास्कोची हाक आली आणि तो गेला.

मी समोरच्या दारानं बाहेर पडले. कठड्यापलीकडे शेकडो मुली त्यांची नावं घेऊन किंचाळत होत्या. तोवर धरून ठेवलेलं रडू तिथं, भर उन्हात, फुटलं. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पुढे आली. तिचे डोळेही सुजलेले होते. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुलाही क्लाइव्हच आवडतो ना?” ती म्हणाली. “रड गं. आम्ही सगळ्याच सकाळपासून रडतोय.”