‘तीसरी पाली’चं गाणं

मे महिन्यातली दुपार होती. खासगी बाजार या मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास भरला होता, आणि मी माझ्या बायकोचा, इंदूचा चष्मा शोधत होतो. टीव्हीवर कुठलीशी मालिका लागली होती. चष्मा नसल्यामुळे इंदू ती नुसती ऐकत बसली होती.

भाग संपला, पडद्यावर नावं सरकू लागली आणि गाणं सुरू झालं. गिटार, ड्रमचा ठोका, आणि त्यावर एका मुलीचा आवाज. ओळीच्या मधेच तिनं श्वास घेतला.

मी पलंगाखाली वाकलो होतो, तसाच राहिलो.

चाळीस वर्षं मी गाणं शिकवलं. माझी मुलगी अवंतिका सहा वर्षांची असल्यापासून मी तिला सांगत आलो, मधेच श्वास घेऊन ओळ तोडू नकोस. तिची ती खोड गेली नाही. पुढे ती गिटारवाल्या पोरांबरोबर गायला लागली, तेव्हा मी म्हणालो, हेच गायचं असेल तर या घरात राहू नकोस. ती गेली. आठ महिने आम्ही बोललो नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला. मी इस्पितळात पोहोचलो, तेव्हा तिचा पलंग रिकामा होता.

“अहो,” इंदू हळूच म्हणाली, “तुम्हीही ऐकलंत ना?”

शेजारच्या गरिमानं मोबाइलवर शोधून दिलं. बँडचं नाव ‘तीसरी पाली’, म्हणजे गिरणीतली तिसरी पाळी, रात्रपाळी. “ये तो अपने ही हैं, काका,” ती म्हणाली, “बिड़ला नगरचे.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिकडे गेलो. अंग भाजणारी लू वाहत होती. बंद गिरणीच्या बाजूची कामगारांची घरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. समरजीतनं दार उघडलं. अवंतिकाच्या बँडमध्ये गिटार तोच वाजवायचा. मला पाहताच तो खाली वाकून पाया पडला आणि बराच वेळ उठलाच नाही.

आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. दार लागलं आणि बाहेरचा वारा एकदम ऐकू येईनासा झाला. कापसाचा कुबट वास येत होता.

“हे गाणं तिनं कधी गायलं?” मी विचारलं.

“काका... अवंतिका ऑगस्टमध्ये गेली. हे आम्ही नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड केलं. फक्त गिटार अन् ड्रम होते. गाणारं कोणी नव्हतंच.”

“मग?”

“नंतर ऐकायला बसलो, तर आवाज होता. दोन बार मिटवला. सुबह पुन्हा तिथेच. मालिकेवाल्यांना तो आवडला, आम्ही काही बोललो नाही. तुमच्याकडे यायची हिंमत नाही झाली.”

त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. वाद्यं बंद केली, नुसता आवाज ठेवला.

ती गात होती. एकदा ओळ तुटली. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून गायली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा मात्र तिनं सगळी ओळ एका दमात म्हटली. असं ती माझ्यासमोर कधीच गायली नव्हती. मग अगदी जवळून, कानाशी, तिनं विचारलं, “बाबा, आता नाही ना तोडली?”

मी डोळे मिटले. कोण ऐकतंय, याचं भान राहिलं नाही.

“नाही तोडलीस, बाळा,” मी म्हणालो. “घरी ये आता.”

समरजीतनं मशीन थांबवलं.

“काका, तुम्ही हे आधी ऐकलं होतं?”

“नाही.”

“मग पुढचं तुम्हाला कसं माहीत...” त्यानं ते पुन्हा सुरू केलं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग एका म्हाताऱ्या माणसाचा थकलेला आवाज. “नाही तोडलीस, बाळा. घरी ये आता.”

माझाच आवाज होता. नोव्हेंबरमध्ये उमटलेला.

त्यानंतर दाराची कडी वाजली. दोनदा. रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

घरी परतलो, तेव्हा ऊन कललं होतं. इंदूनं दार उघडलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका निवांत होता. तिनं मला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं.

“मघाशी कडी वाजली,” ती कुजबुजली. “उघडलं, तर कोणी नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं... ये म्हणून.”

“मग?”

“मग ती आत आली, तसं मी दार लावून घेतलं.”