पाच ओळींत न मावलेली आत्या

"ते नको! ते तेवढं लिहू नकोस!"

आत्याचा आवाज चढला आणि घर एकदम गप्प झालं... या घरात भांडी आदळली होती, दारं आपटली होती, एकदा तर कपाट आपण होऊन उताणं पडलं होतं. पण आत्याचा चढलेला आवाज भिंतींनीसुद्धा कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या वहिनीची सुरी थांबली. टेबलाशी बसलेल्या तिच्या लेकीची, म्हणजे आत्याच्या भाचीची, बोटं कीबोर्डवर अधांतरी राहिली. आणि खुद्द आत्या? ती तर स्वतःच्याच आवाजाला दचकून, चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली.

तसं पाहिलं तर विषय अगदी साधा होता. ज्या मोज्यांच्या कारखान्यात आत्याची उभी हयात गेली तो बंद पडला होता, आणि बसून खाणं तिच्या रक्तात नव्हतं. भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणार. घराची पुढची खोली दिवसभर रिकामी. तिथं पाळणाघर काढायचं तिनं ठरवलं. त्याची जाहिरात द्यायची तर भाचीसारखं माणूस नाही. ती वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात कामाला होती. लोक तिच्या खिडकीशी सात पिढ्यांची कर्मकहाणी घेऊन यायचे आणि ती तिच्या पाच ओळी करून त्यांच्या हातात ठेवायची. पुढच्या आठवड्यात तिची दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बदली होणार होती. जाता जाता आत्याचं एवढं काम करून देते म्हणाली... कर्तव्य म्हणून, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"पाच ओळी म्हणजे पाच ओळी, आत्या. पत्ता, वेळ, फोन यातच चार जातात. उरली एक. तिच्यात एकच अनुभव मावेल. पगारी नोकरीत तू मोजेच विणलेस, ते कुठलं मूल विचारणार? तेव्हा फुकट केलेल्या कामांपैकी एक निवड."

फुकटच्या कामांना काय तोटा! लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात आत्याचा हात कुणी धरला नसता. कारखान्यातून सुटली की ती रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात जायची आणि शस्त्रक्रियेच्या आधी घाबरलेल्या पोरांना थोपटत बसायची. तिच्या हाताला असा गुण होता म्हणतात, की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वरपर्यंत तक्रार नेली, 'पोरं आधीच झोपून येतात, आम्ही काय करायचं?' एकदा तर ती एका मुलाला थोपटत असताना शेजारच्या स्टुलावर खुद्द मोठे डॉक्टर घोरायला लागले. खोटं वाटत असेल तर तिथल्या नर्सबाईंना विचारा... पण त्यांना तरी काय विचारणार, त्या दाराशी उभ्या उभ्याच झोपल्या होत्या! सुट्टीच्या सकाळी वाचनालयात गोष्टीचा तास असायचा. तिथं तिनं एक गोष्ट इतकी लांबवली, की ऐकायला बसलेल्या एका पोराला मिसरूड फुटलं आणि राक्षस अजून मरायचाच होता. आणि दर हिवाळ्यात मोठ्या मैदानावर प्रदर्शन भरायचं, तिथली हरवलेल्या मुलांची चौकी! रडत आलेल्या मुलाला ती नाव-गाव विचारतच नसे. त्याच्या शेजारी फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "मीसुद्धा हरवलेय रे, जरा सोबत करशील मला?" मग ते मूल डोळे पुसून तिलाच धीर देत बसायचं.

"वॉर्डाचं लिही," आत्या म्हणाली होती. "भारदस्त वाटतं."

"वॉर्ड म्हटलं की लोकांना आजारपण आठवतं. गोष्टी काय, आजकाल फोनसुद्धा सांगतो." भाचीनं धंद्याच्या सवयीनं दोन्ही अनुभव खोडले. "आईबापांना सगळ्यात मोठी धास्ती कसली असते? मूल हरवायची! चौकीचंच लिहू..."

आणि तिथंच आत्याचा तो आवाज चढला होता.

"का नको?" भाचीनं विचारलं. तिचा राग कधी भडकत नसे. तो थंड व्हायचा, हिवाळ्यातल्या लोखंडी कठड्यासारखा... हात लावला की चटका बसेल असा! "तिथं एक मूल तू सांभाळलं नाहीस, म्हणून?"

आत्यानं खाली बघितलं.

"विसरली असशील तू. मी नाही विसरले. सात वर्षांची होते मी. आईचा हात मी मुद्दाम सोडला, आत्या! सगळ्या जगाची हरवलेली पोरं तुझ्या मांडीवर बसायची, म्हटलं आपणही एकदा हरवून बघावं... गर्दीतनं विचारत विचारत एकटी चौकीपर्यंत आले. तू मला पाहिलंस. आणि काय केलंस? मला तिथल्या दुसऱ्या बाईंच्या हवाली केलंस आणि चौकीच्या तंबूच्या मागच्या बाजूनं निघून गेलीस!" तिनं कीबोर्ड दूर सारला. "तुझ्या मांडीवर बसायला हरवावं लागत होतं. मी हरवूनही मला जागा मिळाली नाही. आणि आता जाहिरात द्यायची... 'मुलं प्रेमानं सांभाळली जातील'?"

ते आत्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं... सांगावं? एकदाच सांगून मोकळं व्हावं? एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तिचं एकटीचं नव्हतं! ते उच्चारलं असतं तर या घरात एका आईचं आईपण पुन्हा उसनं ठरलं असतं, आणि ते होऊ नये म्हणून तर आत्यानं ओठ शिवले होते.

कारण ठकू... भाचीला लहानपणी सगळे ठकूच म्हणत... ठकू जन्मली तीच वहिनीला दुर्धर दुखणं देऊन. भावानं बायकोला दूरच्या, डोंगरावरच्या इस्पितळात ठेवलं आणि तान्ही पोर बहिणीच्या ओटीत घातली. आत्याचं तेव्हा लग्न ठरत आलं होतं. एका मास्तरांनी बरेच दिवस वाट पाहिली, मग चष्मा पुसला आणि दुसरीकडे बघायला लागले. आत्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण तोवर ठकूला दात येत होते! पण वहिनी बरी होऊन घरी आली तेव्हा पोर चांगली चालती-बोलती झाली होती, आणि दारात उभ्या असलेल्या, काडीसारख्या बारीक झालेल्या त्या बाईकडे बघून तिनं आत्याच्या पदरात तोंड लपवलं होतं... "ही कोण? हिला जायला सांग!"

वहिनी रडली नव्हती. नुसती हसली होती. ते हसू आत्याला सोसवलं नाही. त्याच आठवड्यापासून तिनं घराबाहेरची कामं धरली... एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं!

"बोल ना, आत्या!"

"चुकलं माझं, ठकू," आत्या म्हणाली. "चौकीचं राहू दे. काहीच लिहू नकोस. नुसता पत्ता दे."

"खोटं!"

हा शब्द स्वयंपाकघरातून आला. ओले हात तसेच धरून वहिनी दारात उभी होती.

"वन्सं, तुम्ही बोलणार नाही हे मला ठाऊक आहे. मेल्यावरसुद्धा तोंड उघडायच्या नाहीत तुम्ही. तेव्हा आता मीच बोलते."

"वहिनी, नको ना... कशाला जुनं उकरता?"

"गप्प बसा जरा! आयुष्यभर बसलात, आणखी थोडं बसा." वहिनी टेबलाशी येऊन लेकीसमोर बसली. "ठकू, त्या दिवशी या मला शोधत आल्या. कशा? तर धावत! एका पायात चप्पल होती, दुसरी कुठं पडली त्याचा पत्ता नाही. मी वेड्यासारखी तुला हुडकत फिरत होते. मला धरून म्हणाल्या, 'वहिनी, सापडली हो! 'आई, आई' करून आकांत मांडलाय तिनं. कुणाकडे जात नाही, तुम्हीच चला!'"

भाचीनं चमकून वर पाहिलं. "मी? मी 'आई, आई' कुठं करत होते? मी तर..."

ती अडखळली. आईच्या तोंडावर पुढचं कसं म्हणायचं!

"म्हण की. 'आत्या, आत्या' करत होतीस." वहिनी हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "मला का ठाऊक नाही? अगं, चौकीवरचा भोंगा चालू होता!"

"भोंगा?" आत्यानं मान वर केली.

"भोंगा! मूल सापडलं असं त्या दुसऱ्या बाईंनी पुकारलं आणि गडबडीत बटण बंद करायला विसरल्या. सगळ्या मैदानानं ऐकलं. फुगेवाल्यानं ऐकलं, आकाशपाळण्यात वर अडकलेल्यांनी ऐकलं, तिकिटाच्या रांगेनं ऐकलं... 'मला आई नको, आत्या पाहिजे!' डोक्यावर भोंगा कोकलतोय 'आत्या पाहिजे', आणि या बाई माझ्यासमोर धापा टाकत, माझे दोन्ही हात धरून म्हणतायत, 'चला ना, वहिनी, तुम्हालाच बोलावतेय!'"

भाचीला हसू आलं. ते अर्ध्यावरच कुठंतरी मोडलं आणि त्याचा हुंदका झाला.

 ऐकलं तर आत्यानंही होतं! प्रत्येक हाक पाठीत बसत होती, आणि मागं वळले तर संपलं, हे कळून ती जास्तच जोरात धावली होती. प्रदर्शनातल्या बँडच्या गलबल्यात वहिनीच्या कानापर्यंत ते गेलं नसेल, एवढ्या एका आशेवर ती इतकी वर्षं निश्चिंत होती... "तुम्ही ऐकलं होतं?" तिनं विचारलं. "मग कधी बोलला का नाहीत, वहिनी?"

"काय तोंडानं बोलू? मला माझी पोर हवी होती! तुम्ही दान दिलंत आणि वर ते दान नाही असं भासवलंत. मी मुकाट पदर पसरला. मी तंबूत गेले, हिला उचललं, तर ही लाकडासारखी ताठ! पण त्या दिवसानंतर ही तुमच्यावर रुसली आणि रुसून रुसून माझ्या कुशीत यायला लागली. तिचा तो राग मी विझवायला हवा होता... एका शब्दानं विझला असता. नाही विझवला, वन्सं! थंडीनं गारठलेलं माणूस दुसऱ्याच्या जळत्या घरावर हात शेकतं ना, तशी मी त्या रागावर शेकत राहिले... क्षमा करा मला!"

"अहो, काहीतरीच काय!" आत्या गडबडून उठली, पुन्हा बसली. "मी काही देवमाणूस नव्हते, वहिनी. घरात थांबले असते तर मी हिला कडेवरून खाली ठेवलंच नसतं. माझा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता, म्हणून पळत होते."

"म्हणजे..." भाची सावकाश म्हणाली. आजवर दुसऱ्यांच्या कहाण्या छाटणारी ती पोर आता एकेक शब्द जपून उचलत होती. "वॉर्ड, वाचनालय, चौकी... ते सगळं माझ्यापासून लांब राहायला?"

"हातांना काहीतरी थोपटायला लागतं गं." आत्या हसायचा प्रयत्न करत होती, ओठ ऐकत नव्हते. "त्या पोरांना वाटायचं, आपल्यालाच थोपटतेय. खरं सांगू? पोरं पुष्कळ थोपटली, ठकू... थोपटत एकीलाच होते!"

 गॅसवर ठेवलेलं पाणी उकळून उकळून आटलं, भांड्याचा करपट वास येईपर्यंत तिघींपैकी एकीलाही त्याचं भान नव्हतं. वहिनी धावत जाऊन गॅस बंद करून आली, तेव्हा भाचीनं नाक पुसून कीबोर्ड पुढं ओढला होता. धंदा तो धंदा!

"मग ठरवा. कुठला अनुभव घालू?"

"चौकीचा," वहिनी म्हणाली. "आणि खाली शिफारस घाल. एका आईची. लिही... 'मुलं जिवापाड सांभाळली जातील, आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत दिली जातील.'"

"अगं आई, परत तर सगळेच देतात! न देऊन काय करतील? पोलीस येतील."

"मूल सगळेच परत देतात," वहिनी शांतपणे म्हणाली. "त्याच्या मनासकट कोण देतं?"

 भाचीनं ते वाक्य शब्दाला शब्द लिहिलं. सहा ओळी झाल्या. एकही शब्द तिनं खोडला नाही. साहेबांशी काय ते मी बघून घेईन, एवढंच पुटपुटली. मग ती उठली, आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली, आणि चांगली नोकरीला लागलेली, कुणाचं ऐकून न घेणारी ती मुलगी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून राहिली.

आत्याचे हात हवेतच राहिले... जन्माच्या सवयीनं तिची नजर आधी वहिनीकडे गेली. भीत भीत. परवानगी मागितल्यासारखी!

वहिनीनं ते बघितलं. पदरानं डोळे टिपत ती स्वयंपाकघराकडे वळली आणि दाराशी थांबून म्हणाली,

"माझ्याकडे काय बघताय, वन्सं? ठेवून घ्या तिला. मी संध्याकाळी न्यायला येईन."