फाटक होतं तसं ठेवा

जागा बघायला गेलं की ओफेलिया आधी पाणी बघायची, मग रस्ता, मग शेजार. घर सगळ्यात शेवटी. घराला काय, रंग मारता येतो. ट्यूसनमध्ये जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई ती. नुसत्या चाकोरीकडे बघून सांगायची की पावसाळ्यात इथल्या ओढ्याची वाळू गाडी गिळणार की सोडणार. दलाल तिला वचकून असत. "विहीर फक्कड आहे," असं कुणी म्हणालं की ती म्हणे, "मग चालवा पंप. मी बसते इथं सावलीत."

त्या वसंतात कोचीस परगण्यातल्या कितीतरी जागा तिनं नापास केल्या. एकीला पाणीच नव्हतं, टँकरनं आणून टाकीत भरायचं. एकीचा रस्ता दुसऱ्याच्या रानातून जात होता. एकीच्या शेजाऱ्याला दिवसभर बंदुका उडवायचा नाद. दलाल मनात म्हणत असतील, या बाईला काहीच पसंत पडायचं नाही. खरं कारण तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं. तिला कुंपण हवं होतं. चारी बाजूंनी धड, आणि एकच फाटक असलेलं.

ते हवं होतं रोहेलियोसाठी. तिचा नवरा गाडीत तिच्या शेजारी बसलेला असे, डोक्याला गवती हॅट, मांडीवर खाऱ्या सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. उभा जन्म गुरांमागे काढलेला हा गडी आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरायचा. विसरायचा तर विसरो बापडा, पण तो उठून चालायला लागायचा. एकदा रेल्वेच्या रुळांवर सापडला, एकदा कोरड्या कालव्यात. लेकीनं, येसेनियानं, फिनिक्सहून फोनवर बजावलं होतं, "आई, बाबा अजून एकदा हरवले ना, की मी तुझं काही ऐकणार नाही. अशा माणसांसाठी घरं असतात. दाराला कुलूप असतं, माणसं असतात बघायला."

"कुलूप मलाही लावता येतं," ओफेलिया म्हणाली होती. पण फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात जाऊन रडली. चाळीस वर्षांहून जास्त संसार झालेला माणूस कुलपात ठेवायचा म्हणजे काय?

"ही जागा तुमच्यासाठीच थांबलीये बघा!" दलालीणबाई ट्वायला म्हणाली.

"सगळ्याच माझ्यासाठी थांबल्यात. पाणी?"

"गोड. आणि कुंपण असं की ससा जायचा नाही."

कुंपण खरंच तसं होतं. खांब सरळ, तारा अजून ताणलेल्या. फाटक मात्र सताड उघडं होतं, आणि नुसतं उघडं नाही, तर मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या खुंटाला जाड तारेनं बांधून टाकलेलं. तार गंजून लाल झाली होती, गजांमधून गवत वर आलं होतं. ओफेलियानं ते बघितलं आणि गाडी आत घातली. त्या मुलखात पोराबाळांनाही ठाऊक असतं: फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद सापडलं तर आपल्यामागे बंद करायचं. का ते विचारायचं नाही. ज्याचं फाटक, त्याला कारण माहीत.

घर बुटकं, मातीच्या विटांचं, बरीच वर्षं बंद. हेझल नावाची बाई राहायची, ट्वायला म्हणाली, ती वारली, तिचा भाचा आता जागा विकून मोकळा होऊ बघतोय. स्वयंपाकघरातलं दिव्याचं बटण कुणालाच सापडेना. शेवटी ते फडताळाच्या आड, भलत्याच जागी निघालं. ट्वायलाला दुसरं गिऱ्हाईक होतं. "संध्याकाळ काढा इथं निवांत," ती किल्ली देत म्हणाली. "दिवसा सगळ्याच जागा छान दिसतात."

रोहेलियो गाडीतच बसून बिया फोडत होता. त्याला "हलू नकोस हं, म्हाताऱ्या," असं सांगून ओफेलिया कुंपण बघत बघत फाटकापर्यंत आली, तोच बाहेरच्या रस्त्यावर एक जुनी गाडी थांबली. आतल्या म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं नाही. व्हर्जिल, पलीकडच्या रानाचा मालक.

"घेताय?"

"बघतेय. कुंपण चांगलंय."

"ऑरिननं घातलंय. हेझलचा नवरा. उजवा अंगठा नव्हता, तरी काम बघा."

"दोरात गेला?"

"मग काय! वासरू पकडलं, खोगिराला दोर गुंडाळायला गेला, अंगठा आत राहिला. आमच्यातल्या निम्म्यांची तीच गत." त्यानं स्वतःचा पंजा वर करून दाखवला, अंगठा शाबूत होता. "शेवटी शेवटी त्याचं डोकंही फिरलं होतं हो. घरच ओळखायचा नाही. एका संध्याकाळी कुंपण बघून येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. आम्ही सगळा डोंगर पालथा घातला... हाड नाही, चिंधी नाही."

ओफेलियाला त्या न पाहिलेल्या हेझलची एकदम माया आली.

"तेव्हापासून फाटक असं बांधलेलं," व्हर्जिल म्हणाला. "हेझल म्हणायची, अंगठ्याशिवाय त्याला साखळी निघत नाही. अंधारात आला तर बाहेरच उभा राहील बिचारा."

"आता तर तीही नाही. मग कशाला उघडं?"

"होतं तसं ठेवा. एवढंच सांगतो."

"गुरं शिरतील की आत."

"इथं चरणारी सगळी माझीच आहेत," व्हर्जिल म्हणाला. "शिरत नाहीत." आणि गाडी पुढे काढली.

आत गवत गुडघ्याएवढं होतं आणि शेणाचा पो एकही नव्हता. ओफेलियाला ते खटकलं. पण विहिरीच्या पंपाची खोली घरामागे होती, पंप नीट बघायचा तर तिला तिथंच थांबावं लागणार होतं, आणि तेवढ्यात रोहेलियो चालू लागला तर? मेलेल्याची वाट बघणारं फाटक उघडं ठेवून जिवंत माणूस घालवायचा, हा कुठला न्याय? तिनं गाडीतून पक्कड आणि नवी साखळी आणली. साखळीला कळ होती, ती दाबून सरकवावी लागे. रोहेलियोला जमत नाही हे तिनं घरी तपासून पाहिलं होतं. तार तोडली. एवढं जुनं फाटक करकरेल, अडेल असं तिला वाटलं होतं. ते हात लावताच फिरलं आणि अलगद बंद झालं. ओफेलियानं साखळी अडकवली. वळून लांबूनच गाडीकडे बघितलं. काचेत हॅट दिसत होती. तिला बरं वाटलं.

पंप आधी खोकला, मग लाल पाणी आलं, मग गार, नितळ. ओल्या मातीचा वास सुटला. ओफेलियानं ओंजळभर पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, आणि ठरवून टाकलं. हीच जागा. सूर्य डोंगरामागे गेला होता. ती घराकडे वळली तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला.

आत रोहेलियो बसला होता. बोडका. समोर कॉफीची किटली, हेझलचीच असावी, आणि दोन कप.

"बस," तो म्हणाला. "गारठली असशील."

चुलीशी त्यानं शेवटचं काही केलं होतं त्याला किती काळ लोटला होता! "बटण कुठं सापडलं तुला?"

"आपल्या जागी. पाणी आधी लाल आलं ना? येतं. चार दिवस वापरलंस की येणार नाही."

इतकं सलग, सरळ बोलणं. ओफेलियाला हुंदकाच फुटला. तिनं त्याचा हात धरला. देवा, ही जागा आधी का नाही सापडली! तो शांतपणे तिच्याकडे बघत होता, पाहुण्याकडे बघावं तसा.

"फाटक लावलंस?" त्यानं विचारलं.

"लावलं."

"बरं केलंस. मी आत आल्यावर लावलंस." त्यानं कप उचलला. दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून, बोटं वळवून. उजवा अंगठा बाजूला नुसता पडून होता, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

"हात दुखतोय?"

"नाही."

"बिया आणू तुझ्या? गाडीत राहिल्या असतील."

"नको," तो म्हणाला. "मला नाही आवडत."

तेव्हा तिला साखळीचा आवाज आला. वाऱ्याचा नव्हे. कुणीतरी कळ चाचपत होतं, सोडत होतं, पुन्हा चाचपत होतं.

"फेला..."

तिला फेला म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"ए फेला... निघत नाही गं ही..."

ओफेलियानं समोर बघितलं. तो कॉफी पीत होता. "वारा आहे," तो म्हणाला.

ती विजेरी घेऊन निघाली. वाटेत गाडीत उजेड टाकला. सीटवर हॅट नव्हती. पिशवीही नव्हती. ती साखळी लावायला गेली तेव्हा काचेत हॅट दिसली होती, तिच्याखाली डोकं होतं की नाही, हे तिला आता काही केल्या आठवेना. फाटकाशी पोचली तर कुणी नाही. फक्त बाहेरच्या अंगाला, मातीत, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. तिनं गजांतून हात घालून एक उचललं. ओलं होतं.

तिचा हात कळीवर गेला.

"ओफेलिया." घराच्या दारातून हाक आली. रोहेलियोनं तिला पुरतं नाव घेऊन हाक मारली होती ती एकदाच, चर्चमध्ये, लग्नाच्या दिवशी. "उघडू नकोस. उघडलंस तर मला जावं लागेल."

ती तिथं किती वेळ उभी होती कोण जाणे. उघडावं तर हा जाईल, आणि जो येईल तो पुन्हा रुळांवर सापडेल. मग येसेनियाचं ते कुलूपवालं घर. न उघडावं तर... त्या "तर"च्या पुढे तिनं विचार केला नाही. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, ती दमली होती. तिनं हात काढून घेतला.

जागा तिनं घेतली. उन्हाळ्यात येसेनिया आली आणि बापाला बघून थक्क झाली. त्याला सगळं आठवतं, कोणता खांब कधी बसवला तेसुद्धा. पंप तोच बघतो. फाटकाबाहेर मात्र पाऊल टाकत नाही. "बाबा किती शांत झालेत गं," जाताना येसेनिया म्हणाली. "तू म्हणत होतीस तेच खरं. त्यांना मोकळी जागाच हवी होती." व्हर्जिल रस्त्यानं जातो, बंद फाटकाकडे बघतो, थांबत नाही.

ओफेलिया रोज दिवेलागणीला मूठभर बिया फाटकाच्या खांबावर ठेवते. खाऱ्याच, त्याच छापाच्या. सकाळी टरफलं बाहेर पडलेली असतात. सुरुवातीला ती यायची तेव्हा साखळी हलायची आणि "फेला, ए फेला" ऐकू यायचं, आणि ती कानांवर हात ठेवून उभी राहायची. त्याची तिला सवय झाली असती. माणसाला कशाचीही होते.

पण हल्ली तो नाव घेत नाही. साखळीलाही हात लावत नाही. कुंपणापलीकडून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीनं विचारतो, "बाई, इथं माझी बायको राहते का हो? नाव... नाव आत्ता ओठांवर होतं."

तिला सांगावंसं वाटतं. रोज वाटतं. मग घरातून हाक येते, जेवण निवतंय म्हणून. ती फाटक होतं तसं ठेवते आणि जेवायला जाते.