टी हात सोडत नाई

नर्सिंगच्या मुलामुलींनी गॅदरिंगला डीएनएचा नाच बसवायला घेतला आणि नेमका टी झालेला मुलगा कावीळ होऊन घरी गेला. नाच बसवणाऱ्या, म्हणजे दिवसभर सगळ्यांवर खेकसणाऱ्या प्रेरणाने मग दारात चार्जर मागायला आलेल्या फिजिओथेरपीच्या धनंजयलाच आत ओढलं.

"अंकिता, ह्याले समजाव!"

अंकिता ए होती. अल्लीपूरच्या बागायतदाराची पोर, बाजारात कुणाला ऐकायची नाही. आज मात्र अडखळली.

"हे पाह्य... आपण एकेक जण म्हणजे डीएनएचा एकेक तुकडा, ए, टी, जी नाईतर सी. एक हात पुढच्याच्या खांद्यावर. तो बंध पक्का, कॉपी करतानाही सुटत नाई. माह्या खांद्यावर हात ठेवून मागं हा निकेश, जी. दुसरा हात समोरच्या ओळीत, आपल्या जोडीदाराले. तो बंध कच्चा. जी-सीची तीन बोटं अडकवाची, ए-टीची... दोन."

"दोनच काऊन?"

"तसंच असते!"

त्याने दोन बोटं अडकवली. समोरची ओळ उलट्या तोंडाने उभी. मान वळवली की थेट त्याचे डोळे. वळवायचीच नाही, असं तिने ठरवलं... आणि वळवली.

"आता कॉपी!" प्रेरणा ओरडली. जोड्या सुटल्या, ओळी दूर सरकल्या, मध्ये नवे तुकडे शिरले. धनंजय मात्र तिची बोटं धरूनच. सगळी शिडी अडकली.

"सोड ना! नवा टी येऊन राह्यला."

"त्याले जागा नाई म्हणजो."

रोज हेच. प्रेरणा कपाळावर हात मारायची, बाकीचे हसायचे. अंकिताही हसायची, पण आतून जीव टांगणीला. हा खरंच...? की नुसती मस्करी?

गॅदरिंगच्या दिवशी पडद्यामागे तिने बोटं पुढे केली, तर समोर टी म्हणून निकेश! अंकिताचा चेहराच पडला. मस्करीच होती तर. डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून खांद्यावर हात आला.

"रडू नको, काजळ पसरते."

"तू... इथं काऊन?"

"निकेशसंग जागा बदलली. तिथं हात सोडा लागते. इथला बंध कॉपी करतानाही सुटत नाई, तूच त सांगतलं."

"मस्करी करून राह्यला?"

"नाई." त्याने तिचा खांदा घट्ट धरला. "मले तू आवडते, अंकिता."

पडदा सरकू लागला. तिचे दोन्ही हात गुंतलेले, मागे वळायची सोय नाही. तिने मान तिरकी करून गाल त्याच्या बोटांवर टेकवला. विंगेतून प्रेरणा जीव तोडून हातवारे करत होती. करू दे.