वरचं गोडं पाणी

वेणू पहिल्यांदा शिवाच्या विहिरीवर गेली ती नाइलाजाने. बावन्न सालच्या माघात उधाणाच्या भरतीने पनवेलच्या खाडीचा बांध फुटला, भातखाचरांत आठ दिवस खारं पाणी उभं राहिलं, आणि चैत्र लागेपर्यंत तिच्या घरची विहीर मचूळ झाली. डाळ शिजेना. गावात गोड्या पाण्याची विहीर उरली ती शिवाची एकच.

"हळू," शिवा म्हणाला. "कळशी नुसती टेकव. गोडं पानी वर तरंगतंय, खाली खारं हाय. ढवळलंस का गेलं."

तिने कळशी अशी टेकवली की पाण्याला जाग आली नाही. तो बघत राहिला… पाण्याकडे की तिच्या मनगटाकडे, ते तिला कळलं नाही. घरी जाताना मात्र दोनदा ठेच लागली.

मग ती रोज सगळ्यांच्या आधी येऊ लागली.

"झोपत नायस का गं?"

"तुजी विहीर पळून जाईल म्हनून येते."

तो हसायचा, दोर तिच्या हातात द्यायचा आणि बाजूला उभा राहायचा.

एक दिवस तिला उशीर झाला. बघते तर शेजारची मालू काठावर पाय हलवत बसलेली, आणि शिवा तिची कळशी भरतोय.

"डोक्यावर पन तूच ठेव ना," मालू लाडात म्हणाली. त्याने ठेवली.

वेणू कळशी न भरताच माघारी फिरली. दिवसभर तिला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कळशी पुढे केली. "भरून दे."

"तुला कशाला? तुला येतंय की."

"मालूला येत नाय?"

"नाय."

वेणूने दोर सैल सोडला तो सोडलाच. कळशी तळाला आपटली. तिने ती दोनदा, तीनदा हिसडली, तेव्हा कुठे तिला कळलं आपण काय केलं ते. शिवाने ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

तोवर बायका आल्या, मालू काठावर टेकली. म्हातारी गुणाबाई पाणी चाखून मटकन खाली बसली. "ही पन गेली?"

"माज्या हातून कळशी…" शिवा सुरू झाला.

"मी ढवळली," वेणू म्हणाली. "हा मालूची भरतो, माजी नाय भरत. म्हनून."

गुणाबाई म्हणाली, "अगो येडे, तो माजी पन भरतो. सगळ्यांचीच भरतो. दोर देतो तो तुला एकटीला."

शिवाचे कान लाल झाले होते. "बाकीच्यांच्या हाताचा भरवसा नाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुज्या हाताचा होता."

वेणूचे डोळे भरले. "परत गोडं होईल?"

"तीन दिस कोनी हात नाय लावला तर… होईल बहुतेक."

"तोवर नेरे गावच्या वाटेवरच्या झऱ्यावरनं सगळ्यांचं पानी मी आनीन."

"दोन कोस? एकटी?" त्याने कठड्याला टेकवलेली कावड खांद्यावर घेतली. "चल."

"तू कशाला?"

"इथं कळशी भरली का तू निघतेस… तिकडं जायला-यायला अर्धा दिस लागतो."

वेणूने पदर ओठांशी धरला.

"मी पन येते गं," मालू उठत म्हणाली.

"ये की," वेणू म्हणाली. "तुजी कळशी मी भरीन, आनि डोक्यावर पन मीच ठेवीन."