दीपगृहाची सरळ भेग

"मी हलणार नाही!" ठिणगीने दीपगृहाच्या भिंतीला पाठ टेकून फतकल मारली. "पाडायचंय ना? मग आधी मला पाडा!"

मुकादमाने घण खाली ठेवला. मुली पाडायचं काम त्याने कधी घेतलं नव्हतं.

"बाळ, ही भिंत सरकतेय," इंजिनियरसाहेब म्हणाले. "ही भेग बघ. तिच्यावर मी काचेची पट्टी चिकटवतो. भिंत हलली की काच तुटते. रात्रभर शाबूत असते, आणि रोज सकाळी तुटते!"

जुन्या किल्ल्याच्या बुरुजावरच्या या दीपगृहात ठिणगीचा मामा दिवा सांभाळायचा. दीपगृह पडलं, की त्याची बदली ठरलेली. तीही अशा गावी, जिथे समुद्रच नव्हता!

"रात्रभर गप्प उभी राहते आणि सकाळीच सरकते? शाळा असते का तिला?" ठिणगीने विचारलं.

"आणि ताई, भेग बघ ना!" मामाचा मुलगा गप्प्या म्हणाला. "पट्टीने आखल्यासारखी! बाबाच्या चष्म्याला भेग गेली होती, ती कशी वेडीवाकडी—"

"आई गं!" ठिणगी पुढे कोलमडली. "भिंतीने मला ढकललं!"

"सरकली!" साहेब आनंदाने ओरडले. मग आपण कशाचा आनंद मानतोय हे लक्षात येऊन त्यांनी चेहरा गंभीर केला.

ठिणगीने वर पाहिलं. दिव्याची काच पुसायला मामाने नुकतंच सज्जाचं दार उघडलं होतं. रोज सकाळी उघडायचा तसंच.

"गप्प्या, मामाला दार लावायला सांग!"

"बाबा, दार लाव!"

भिंत शहाण्यासारखी उभी राहिली.

"आता उघड!"

वारा जिन्यातून घोंघावत खाली आला. धप्प! ठिणगीला पुन्हा धक्का.

"अरे, मला काच पुसू देता का?" वरून मामा खेकसला.

ठिणगीने भेगेजवळचा रंग दगडाने खरवडला. पांढऱ्या पापुद्र्याखालून गंजलेली बिजागरी डोकावली.

"साहेब, ही भेग नाही. हे दार आहे!"

बोटींना लांबून दिसावं म्हणून दीपगृह दरवर्षी पांढरं रंगवत. रंगारी इतका कामसू, की एकदा त्याने पायरीवरची मामाची चप्पलही रंगवली होती. ती अजून तिथेच आहे, चिकटलेली. हे दार तर मामा येण्याआधीच रंगाखाली गेलं होतं, आणि आतून त्यापुढे रिकाम्या पिंपांची रास होती.

"म्हणजे मी काचेचं एक टोक भिंतीवर," साहेब पुटपुटले, "आणि दुसरं दारावर..."

"मग पाडायचं काय, दार?" मुकादमाने विचारलं. त्याने घण पुन्हा उचलला.

साहेबांनी कपाळ पुसलं. "शाबास पोरांनो! हे आमच्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. चल, ऊठ आता."

"आधी पाडणं रद्द म्हणा."

"रद्द."

"मोठ्याने. मामा वर आहे."

साहेबांनी हातांचा कर्णा केला. "दीपगृह पाडणं रद्द!"

"काऽऽय?" वरून मामा ओरडला. वारा जोरात होता.

ठिणगी पाय पसरून आणखी ऐसपैस बसली. "साहेब, अजून मोठ्याने!"